वाऱ्याची साक्ष



मे महिना हा आपल्याकडे शाकारणीचा महिना. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी छपरावरची कौले उतरवावीत, फुटकी निवडून बाजूला काढावीत, वासे व रिपा तपासाव्यात आणि मग कौले पुन्हा नीट बसवावीत, हा वाडवडिलांपासून चालत आलेला परिपाठ आहे. घाटमाथ्यावरील ज्या गावी आम्ही काही वर्षे धर्मगुरू म्हणून होतो, तेथील एका कुटुंबाने असेच एका मे महिन्यात घराचे अर्धे छप्पर मोकळे केले होते. दुपारी तीनच्या सुमारास पूर्वेचे आभाळ काळवंडले. घरातील वृद्ध आजी म्हणाली, "अरे, वळीव येतोय. कौले चढवणे जमणार नसेल तर निदान ताडपत्री तरी बांधा, आणि पोरांना आत घ्या."

घरधनी सुज्ञ गृहस्थ; चार पुस्तके वाचलेला. शहरात नोकरीस असलेल्या त्याच्या मुलाने नुकतेच मोबाइलवर हवामानाच्या रडारचे एक चित्र धाडले होते. समुद्राकाठच्या एका रडारने टिपलेले ते वाऱ्याचे चित्र होते, आणि त्यात आपल्या गावाच्या जागी दाट हिरवा रंग पसरलेला त्याने पाहिला. हिरवे म्हणजे निर्धोक, असे समजून तो आजीस म्हणाला, "आई, उगाच घाबरू नकोस, आपल्याकडे काही नाही." अर्ध्या तासाच्या आत वारा असा सुटला की अंगणात रचून ठेवलेल्या कौलांच्या चळतीच कोसळल्या, काही कौले उडाली, आणि एक तुकडा सात वर्षांच्या नातवाच्या कपाळावर बसला. चार टाके पडले. देवाच्या कृपेने डोळा वाचला.

संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा घरधनी ओसरीवर बसून होता. त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला आणि विचारले, "फादर, रंग हिरवाच होता ना? मग हे यंत्र खोटे बोलले का?"

त्या रात्री आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे सांत्वन करून आम्ही परतलो. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. पुढे ग्रंथ चाळून व जाणत्यांना विचारून जे समजले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण अशी चित्रे आता घरोघरी पोहोचली आहेत, आणि ती चुकीची वाचली गेल्यास काय होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रथम रडार म्हणजे काय ते पाहू. घाटात उभे राहून आपण हाक मारतो आणि समोरच्या कड्यावरून ती परत येते. हाक परतण्यास किती वेळ लागला त्यावरून कडा किती दूर आहे हे सांगता येते. रडार हेच करते. फक्त त्याची हाक रेडिओ तरंगांची असते. हे तरंग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. दीडशे किलोमीटरवरील ढगापर्यंत जाऊन परत येण्यास त्यांना सेकंदाचा एक हजारावा भाग पुरतो.

तथापि हाक परत येण्यास कडा लागतो. मोकळ्या हवेवरून ती परतत नाही. वारा तर निव्वळ हवाच. निकदेम रात्रीच्या वेळी प्रभूकडे आला तेव्हा प्रभूने त्याच्याशी बोलताना वाऱ्याचाच दृष्टांत घेतला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. वारा डोळ्यांना दिसत नाही, आणि रडारलाही तो बहुधा दिसत नाही. रडारला दिसतात ते वाऱ्याबरोबर वाहून जाणारे पावसाचे थेंब, गारा, आणि पाऊस नसेल त्या दिवशी हवेत उडणारे किडे. त्यांच्या चालीवरून वाऱ्याची चाल ओळखायची असते. धूळ उडाली की वारा कोणत्या दिशेने चालला आहे हे आपला शेतकरी ओळखतो, त्यातलाच हा प्रकार होय.

ही चाल कशी ओळखायची, याची गुरुकिल्ली एका ऑस्ट्रियन गणितज्ञाने शोधली. ख्रिस्तिआन डॉप्लर हे त्याचे नाव. तो १८०३ साली साल्झबुर्ग येथे जन्मला. २५ मे १८४२ रोजी प्राग शहरातील एका विद्वत्सभेपुढे त्याने आपला निबंध वाचला. आवाज करणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिचे तरंग दाटून आपल्यापर्यंत पोहोचतात व स्वर चढा लागतो. ती दूर जात असेल तर तरंग विरळ होतात व स्वर उतरतो. रेल्वे फाटकापाशी उभे असताना शिटी वाजवीत येणारी गाडी आपल्यासमोरून निघून गेली की शिटीचा सूर एकदम खाली येतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. डॉप्लरला यावरून जोडताऱ्यांच्या रंगांचा उलगडा करावयाचा होता. तो त्याचा उलगडा चुकला. परंतु त्यामागील तत्त्व मात्र खरे ठरले. तीन वर्षांनी, १८४५ साली, हॉलंडमधील बॉइस बॅलट या शास्त्रज्ञाने उत्रेख्त शहराजवळ आगगाडीवर तुतारीवादक बसविले, रुळांच्या कडेला स्वरांचे जाणकार उभे केले, आणि गाडी येताना व जाताना स्वर किती बदलतो हे त्यांच्या कानांनी मोजविले.

येथे आपल्या एका धर्मबंधूची आठवण होते. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा संत ऑगस्टीनच्या संघातील संन्यासी व गुरू होता. १८५१ ते १८५३ या काळात तो व्हिएन्ना विद्यापीठात शिकला, आणि तेथे डॉप्लरच्या व्याख्यानांना बसला. मेंडेलला हवामानाचा छंद होता. १३ ऑक्टोबर १८७० रोजी त्याच्या ब्र्नो शहरावरून एक प्रचंड वावटळ गेली आणि मठाच्या खिडक्या फुटल्या. त्याने त्या वावटळीवर निबंधच लिहिला. आणि तीत वारा कोणत्या अंगाने फिरत होता हे त्याने फेकल्या गेलेल्या वस्तूंच्या दिशेवरून ठरविले. ज्या विद्वानाचे तत्त्व पुढे वारा मोजण्याच्या कामी आले, त्याच्या शिष्याने वाऱ्याने उडविलेल्या तुकड्यांवरून वारा वाचावा, हा योग आम्हांस मोठा हृद्य वाटतो.

आता रडारकडे वळू. वाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या रडारच्या तरंगाची लांबी सुमारे दहा सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभराच्या अर्धी असते. असे तरंग सेकंदाला सुमारे तीनशे कोटी निघतात. समजा, पावसाचा थेंब ताशी ७२ किलोमीटर वेगाने रडारकडे येत आहे. तर त्याच्यावरून परतणाऱ्या तरंगांच्या संख्येत सेकंदाला अवघ्या चारशेंची भर पडते. तीनशे कोटींत चारशे! एवढा सूक्ष्म फरक सरळ मोजणे कठीण. म्हणून रडार एकामागून एक हाका मारते आणि प्रत्येक पडसादाचा तरंग मागच्यापेक्षा किती सरकला हे ताडून पाहते. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो थेंब दोन सेंटीमीटर पुढे आलेला असतो. तेवढे सरकणे रडारला पुरते.

येथवर सर्व ठीक. परंतु या यंत्राची एक मोठी मर्यादा आहे, आणि त्या घरधन्याच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. रडारला एवढेच कळते की वस्तू आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून जात आहे. याखेरीज त्याला काही कळत नाही. वाचकांनी क्षणभर आपण रडारच्या जागी उभे आहोत असे समजावे. बैलगाडी सरळ आपल्याकडे येत असेल तर अंतर घटते. पाठमोरी जात असेल तर वाढते. पण तीच गाडी आपल्यासमोरून डावीकडून उजवीकडे आडवी जात असेल, तर ऐन समोर असते त्या क्षणी अंतर घटतही नाही आणि वाढतही नाही. रडार तेथे शून्य लिहिते. शून्य याचा अर्थ वारा नाही असा नव्हे; झाडे उन्मळून पाडणारा वारा तेथे आडवा धावत असेल. तिरपा वाराही पूर्ण दिसत नाही: साठ अंशांच्या कोनातून जाणारा ताशी ८० किलोमीटरचा वारा रडारला ४० किलोमीटरचाच दिसतो.

त्या चित्रात हिरवा रंग होता तो रडारकडे येणाऱ्या वाऱ्याचा, आणि तांबडा होता तो रडारपासून दूर जाणाऱ्या वाऱ्याचा. आमचे गाव रडारच्या पूर्वेस. वळीव पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे रडारच्या दिशेने चालला होता. म्हणून तो हिरवा दिसला. वारा कोणत्या बाजूचा, एवढेच तो रंग सांगत होता. धोका आहे की नाही हे तो सांगतच नव्हता. यंत्र खोटे बोलले नाही. आपण त्याला विचारला एक प्रश्न आणि त्याने दिलेले उत्तर होते दुसऱ्या प्रश्नाचे.

हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे, कारण हवामानाच्या चित्रांत रंगांच्या भाषा तीन आहेत. पावसाच्या चित्रात तांबडा रंग बहुधा जोरदार पावसाचा असतो. वाऱ्याच्या चित्रात रंग दिशा सांगतात. आणि सर्वत्र रंगांची रीतही एकच नसते, म्हणून चित्राच्या कडेला दिलेली पट्टी वाचावी लागते. तिसरी भाषा हवामान खात्याच्या इशाऱ्यांची. तीत हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि तांबडा म्हणजे तत्काळ कृती करा. आपणा गृहस्थांसाठी आहे ती ही तिसरी भाषा. पहिल्या दोन जाणकारांसाठी आहेत.

जाणकारांनाही त्या वाचताना सावध राहावे लागते. वारा फारच वेगवान असला की रडारची फसगत होते. सेकंदाला हजार हाका मारणारे असे रडार ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा वारा बरोबर सांगते. त्यापलीकडे गेले की आकडा उलटतो: ताशी १०८ किलोमीटर वेगाने जवळ येणारा वारा त्याला ताशी ७२ किलोमीटर वेगाने दूर जाताना दिसतो! चाक फार वेगाने फिरू लागले की सिनेमात ते उलटे फिरताना दिसते, तसेच हे. हाका अधिक त्वरेने माराव्यात तर दूरचा पडसाद परतण्याआधीच पुढची हाक सुटते आणि अंतराचा घोळ होतो. यावर तोड अशी की शेजारच्या जागांचे आकडे पाहावेत. सभोवती सर्वत्र वारा जवळ येत असताना मध्येच एक पट्टा एकाएकी दूर जाऊ लागला, तर शंका धरून हिशेब दुरुस्त करावा. एकट्या आकड्यावर विश्वास नाही. शेजाऱ्यांची साक्ष हवी.

तिसरी मर्यादा उंचीची. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून वर जातो. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला झोत शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. वाटेत डोंगर असेल तर खालचा झोत अडतोही. तेव्हा आपल्या छपराच्या उंचीवर वारा कसा आहे, हे दूरच्या रडारला दिसत नाही.

मग असे अपुरे यंत्र काय कामाचे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. २४ मे १९७३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात युनियन सिटी या गावावर भयंकर चक्रवात आला. जवळच्या नॉर्मन येथील संशोधकांनी आपले डॉप्लर रडार त्या ढगावर रोखले होते. त्यांना दिसले की ढगाच्या पोटात एका ठिकाणी जवळ येणारा व दूर जाणारा असे दोन्ही जोरदार वारे एकमेकांस खेटून आहेत. एकच रडार, एकच जागा, आणि दोन विरुद्ध वारे शेजारी शेजारी. याचा अर्थ हवा तेथे गरगर फिरत होती. चक्रवात जमिनीस टेकण्याच्या वीस मिनिटांहून अधिक वेळ आधी ही खूण वर ढगात उमटली होती. पुढे १९९०नंतरच्या दशकात अमेरिकेने देशभर सुमारे १६० डॉप्लर रडार बसविले. वीस मिनिटे ही लहान गोष्ट नव्हे. तेवढ्यात मुलेबाळे व म्हातारी माणसे तळघरात नेता येतात.

रडार सगळीकडे फिरून पाहते, त्याचाही लाभ होतो. सर्व प्रदेशात वारा एकसारखा असेल, तर एका दिशेस तो सर्वाधिक जवळ येताना, समोरच्या दिशेस सर्वाधिक दूर जाताना, आणि मधल्या दोन दिशांस शून्य दिसतो. त्यावरून त्याची खरी दिशा व वेग काढता येतात. वारा वेडावाकडा असेल तर निराळ्या ठिकाणच्या दुसऱ्या रडारची साक्ष घ्यावी लागते. पहिल्याला जो आडवा म्हणून शून्य, तो दुसऱ्याला समोरून येताना दिसतो.

आपल्या देशात हवामान खात्याचे पहिले डॉप्लर रडार २००२ साली चेन्नई येथे सुरू झाले. आज पणजी, मुंबई, हैदराबाद, नागपूर, भोपाळ येथेही अशी रडारे आहेत. १६ मे २०२१ रोजी, स्वर्गारोहणाच्या रविवारी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. केंद्र समुद्रात होते, तरी गोव्यात झाडे व विजेचे खांब कोसळले. १७ मेच्या रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. वर ज्या बॉइस बॅलटचा उल्लेख आला त्याने सांगितलेला एक साधा नियम अशा वेळी ध्यानात ठेवण्याजोगा आहे: आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास वादळाचे केंद्र साधारणतः आपल्या डाव्या हाताला असते. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेचा सोसाट्याचा वारा सुटला तर डावा हात पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे होतो. अशा वेळी होडी पाण्यात लोटू नये.

वाचकहो, हे सर्व वाचीत असताना आम्हांस आमचीच एक चूक वारंवार आठवली. धर्मगुरूपदाच्या आरंभीच्या वर्षांत दोघा भावांचा बांधावरून तंटा लागला होता. धाकटा आमच्याकडे आला, रडला, आम्ही त्याचे ऐकले. आणि पुढच्या रविवारी प्रवचनात, नाव न घेता, थोरल्यास लागेल असे बोललो. थोरला तीन वर्षे मिस्साला आला नाही. नंतर कळले की बापाच्या आजारपणाचे सारे कर्ज त्याने एकट्याने फेडले होते, आणि त्याविषयी तो कोणापाशी एक अक्षर बोलला नव्हता. आमच्या दिशेने जे आले तेवढेच आम्ही मोजले होते. जे आडवे गेले तेथे आम्ही शून्य लिहिले होते. एका साक्षीदारावर निवाडा करू नये असे जुन्या करारातील नियमशास्त्राने बजावले आहे, ते काही उगाच नव्हे. आम्ही थोरल्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने ती दिली. परंतु ती तीन वर्षे आम्हांला परत देता आली नाहीत.

सासू सुनेविषयी सांगते, सून सासूविषयी सांगते, शेजारी शेजाऱ्याविषयी सांगतो. त्यातले कोणी खोटे बोलतेच असे नाही. प्रत्येक जण आपल्या जागेवरून आपल्याकडे आलेला वारा सांगतो. दुसऱ्या जागेवरून पाहिल्याविना खरा वारा कळत नाही.

घरात मोबाइल आहे, तो राहो. त्यावरील चित्र पाहण्याआधी मात्र त्याची पट्टी वाचावी, आणि निर्णय घ्यावा तो हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून. तांबडा किंवा नारिंगी इशारा असता छप्पर उघडे ठेवू नये, कौलांच्या चळती अंगणात रचू नयेत, गुरे झाडाखाली बांधू नयेत. आणि घरातील म्हातारी माणसे आभाळाकडे पाहून काही सांगत असतील, तर तीही एक साक्षच होय. रडार तिकडे दूर उभे होते. आजी अंगणात होती, आणि छपराच्या उंचीवरचा वारा तिच्या पदराला लागत होता.

तो मुलगा आता मिस्साच्या वेळी वेदीसेवा करतो. कपाळावर लहानसा वण आहे. आणि त्याचे आजोबा दर मे महिन्यात, पहिले कौल उतरविण्यापूर्वी, इशारा वाचतात, चित्राची पट्टी पाहतात, आणि मग ओसरीवर बसलेल्या आईस विचारतात, "आई, तुला काय वाटते?"